माजाचा महिना

जुन्या ऑफिसर्स मेसच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हरणांच्या मुंडक्यांची ओळख करून द्यायला नको. बिलियर्ड्स रूममध्ये, बारच्या वर, जिन्याच्या वळणावर ती असतातच. काचेचे डोळे, धूळ बसलेली शिंगं आणि खाली पितळी पट्टी. सबल्टर्न असताना आम्ही शिंगांची टोकं मोजायचो आणि कोणाचा आकडा बरोबर यावर पैज लावायचो. आता चाळिशी ओलांडल्यावर मी पट्टीवरचा महिना वाचतो. काश्मीरमधल्या नराची पट्टी असेल, तर मी पाहिलेल्या बहुतेक पट्ट्यांवर सप्टेंबर किंवा ऑक्टोबर कोरलेला आहे.

हा योगायोग नाही. त्या दिवसांत काश्मीरचा हंगुल माजावर असतो. वर्षाचे दहा-अकरा महिने माणसाला दिसतसुद्धा नाही असा हा नर त्या चार-सहा आठवड्यांत दरी दुमदुमवून आपला पत्ता स्वतःच सांगत असतो. शिकाऱ्याने नेमका तोच महिना निवडलेला असायचा.

आता शिकार बंद आहे, मग हा विषय कशाला, असं काही वाचकांना वाटेल. मला वाटतं, विषय संपलेला नाही. हरणाला मारायचं की नाही हा प्रश्न कायद्याने सोडवला. हरणाच्या माजाच्या दिवसांत आपण त्याच्या जंगलात काय करतो, हा प्रश्न तसाच राहिला आहे. त्याचं उत्तर देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांत आपण वर्दीवालेही आहोत.

आधी माज म्हणजे काय ते नीट पाहू. बोलताना आपण हा शब्द शिवीसारखा वापरतो. "फार माज आलाय त्याला." पण गोठा असलेल्या घरात वाढलेल्या माणसाला त्याचा मूळ अर्थ माहीत असतो. गाय माजावर आली की घरातली माणसं दिवस मोजतात, कारण ती वेळ चुकली की पुढचे तीन आठवडे वाट पाहावी लागते. हरणांचंही तेच आहे. फरक इतकाच, की त्यांचे दिवस कोणी मोजत नाही. ते आकाशाकडून ठरतात.

२१ जूननंतर दिवस लहान होऊ लागतो. वाढत्या रात्रीची खबर डोळ्यांवाटे मेंदूला लागते आणि शरीरातली रसायनं बदलतात. उन्हाळाभर नराच्या शिंगांवर मखमलीसारखी कातडी असते आणि तिच्यातून रक्त वाहत असतं. उन्हाळा सरता सरता ती कातडी वाळते. नर झाडांच्या खोडांवर शिंगं घासून ती सोलून काढतो. मान जाड होते, आयाळ वाढते. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहिल्या हाका ऐकू येतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जंगल रात्रंदिवस गर्जत असतं. मार्च-एप्रिलमध्ये तीच शिंगं गळून पडतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. सांबर, चितळ, हंगुल या हरणांची शिंगं अशी गळणारी असतात. आपला काळवीट हरणांतला नाही, तो कुरंग. त्याची शिंगं जन्मभर टिकतात.

हे सगळं शरद ऋतूतच का? हिशोब उलटा आहे. हंगुलची मादी सुमारे आठ महिने गाभण असते. ऑक्टोबरमध्ये आठ महिने मिळवा. पाडस मे अखेर किंवा जूनमध्ये पडतं, म्हणजे बर्फ वितळून कोवळं गवत आल्यावर. आईला दूध येण्यासाठी चारा मिळतो आणि पाडसाला पुढच्या हिवाळ्याआधी अंग धरायला पाच-सहा महिने मिळतात. पाडस उशिरा पडलं तर ते तेवढंच लहान राहून बर्फात उतरतं.

या दिवसांत नराला खाण्याची शुद्ध नसते. माद्या गोळा करायच्या, त्यांना पांगू द्यायचं नाही आणि दुसऱ्या नराला जवळ येऊ द्यायचं नाही, यातच त्याचा दिवस जातो. युरोपातलं लाल हरीण हा हंगुलचा जवळचा भाऊबंद. स्कॉटलंडच्या रम बेटावर या हरणांचा कित्येक दशकं अभ्यास झाला आहे. तिथे दिसलं, की दोन नर आधी गर्जनेची स्पर्धा करतात, मग शेजारी शेजारी चालत एकमेकांना जोखतात, आणि तरीही निकाल लागला नाही तरच शिंगाला शिंग भिडवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर 'शो ऑफ फोर्स' आधी आणि 'काँटॅक्ट' सर्वांत शेवटी. ज्याच्यात दम उरलेला नाही, त्याला तासन् तास ओरडता येत नाही. म्हणून ओरडणं हीच ताकदीची खरी परीक्षा ठरते. पाळलेल्या लाल हरणांवर झालेल्या एका प्रयोगात तर माद्यांना नराच्या रेकॉर्ड केलेल्या हाका ऐकवल्या आणि त्या लवकर माजावर आल्या. म्हणजे ती हाक नुसती धमकी नाही. कळपाचं घड्याळ तिच्यावर चालतं.

आता शिकाऱ्याच्या बाजूने पाहा. नर हरीण माणसाला कशामुळे चुकवतं? नाक, कान आणि संशय या तीन गोष्टींमुळे. माजात संशय जातो, आणि नाक-कान दुसऱ्याच कामात गुंतलेले असतात. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माज नोव्हेंबरच्या सुमारास येतो. तिथले शिकारी वर्षाची रजा त्या आठवड्यांसाठी राखून ठेवतात. गळ्यात लटकवलेल्या शिट्टीतून नराची हाक काढतात, दोन शिंगं एकमेकांवर आपटून झुंजीचा आवाज करतात आणि मादीच्या मूत्राचा वास झाडाला लावतात. नर आपण होऊन बंदुकीसमोर येतो. जर्मनीत लाल हरणाच्या माजाचे सप्टेंबर-ऑक्टोबरचे दिवस शिकाऱ्यांचा सणच असतात. स्कॉटलंडमध्ये नरांच्या शिकारीचा मोसम पिढ्यान् पिढ्या १ जुलै ते २० ऑक्टोबर असा होता, म्हणजे माज ऐन भरात असताना तो संपायचा. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने नरांसाठीचा बंदीकाळच काढून टाकला. कारण हरणं इतकी वाढली, की नवं झाड उगवू देईनात.

काश्मीरमध्ये शंभर वर्षांपूर्वी हेच चालायचं, फक्त साहेबी थाटात. हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची लांब रजा साधारण उन्हाळा ते ऑक्टोबर अशी असे. ती संपता संपता हंगुलच्या हाका सुरू होत. स्थानिक शिकारी पहाटे धारेवर बसून कान लावायचा. कोणत्या नाळेत नर बोलतो आहे ते सांगायचा. मग साहेब वारा चुकवून चढत जायचे. ही चढण सोपी नव्हती, हे मी मान्य करतो. देवदाराच्या जंगलात, नऊ-दहा हजार फुटांवर, पहाटेच्या थंडीत चढणाऱ्याचा दम निघतो. पण शोधण्याचं अर्धं काम त्या नरानेच केलेलं असायचं.

इथे मी सैनिक म्हणून बोलतो, कारण आमच्या धंद्यात वेळ निवडणं ही विद्याच आहे. शत्रूचं लक्ष दुसरीकडे असताना त्याच्यावर तुटून पडणं यात आम्हाला लाज वाटत नाही. महाराजांनी लाल महालावर छापा घातला तो एप्रिल १६६३ मध्ये, रमझानच्या महिन्यात, रात्री. दिवसभराचा उपास आणि रात्रीचं जेवण यांनी सुस्तावलेली छावणी हाच त्या योजनेचा पाया होता. ॲम्बुश शिकवताना आम्ही हेच शिकवतो. माणूस कधी बेसावध असतो ते ओळखा. पण या निवडीला एक समर्थन लागतं. समोरचाही तुम्हाला मारायला आलेला आहे, आणि तुम्ही हरलात तर तुमच्यामागची माणसं मरणार आहेत. हे समर्थन काढून घेतलं, की ॲम्बुशमध्ये फक्त सोय उरते. भिंतीवरच्या शिंगांना हे समर्थन कधीच नव्हतं.

आणि हा विचार साहेबांकडून शिकायची आपल्याला गरज नाही. महाभारताच्या आदिपर्वात पांडू राजाची गोष्ट आहे. वनात मृगया करताना त्याने मीलनात असलेल्या हरणाच्या जोडीवर बाण सोडले. तो नर म्हणजे मृगरूप घेतलेला किंदम ऋषी होता. मरताना त्याने पांडूला शाप दिला, आणि तो शाप पुढे पांडूला भोवला. शाळेत आपल्याला एवढंच सांगतात. त्या दोघांचा वाद मात्र वाचण्यासारखा आहे. पांडू म्हणतो, राजाने मृग मारणं हा क्षात्रधर्म आहे, मग दोष कसला? ऋषी त्याला जे सांगतो त्याचा भावार्थ असा: मृग मारलास म्हणून मी तुला दोष देत नाही, पण त्या वेळी तू थांबायला हवं होतंस.

त्या गोष्टीत शिकारीला बंदी नाही. वेळेला बंदी आहे. मारण्याचा हक्क असलेल्या क्षत्रियानेही काही दिवस धनुष्य खाली ठेवावं, एवढीच मागणी आहे. मला ती अजूनही सर्वांत शहाणी वाटते.

कायद्यानेही बराच काळ याच वाटेने विचार केला. १९१२ च्या ब्रिटिश कायद्यात जनावरांसाठी बंदीकाळ ठरवण्याची सोय होती. १९५१ मध्ये मुंबई राज्याने स्वतःचा वन्यप्राणी आणि वन्यपक्षी संरक्षण कायदा केला. १९७२ च्या केंद्रीय कायद्यातही सुरुवातीला परवाना काढून शिकार करता येत असे, आणि १९९१ च्या दुरुस्तीने ते दार बंद झालं. जम्मू-काश्मीरचा वेगळा कायदा १९७८ चा होता. २०१९ नंतर तिथेही केंद्राचा कायदा लागू आहे. तेव्हा आज हंगुलवर बंदूक रोखणं हा कोणत्याही महिन्यात गुन्हाच आहे, आणि तसंच असलं पाहिजे.

पण हंगुलचे आकडे पाहा. गेल्या शतकाच्या सुरुवातीला काश्मीरमध्ये हंगुल हजारोंनी होते. १९७० च्या सुमारास ते दीडशेच्या आसपास उरले. २००४ च्या मोजणीत १९७ निघाले. २०१५ मध्ये १८६, २०१९ मध्ये २३७, २०२१ मध्ये २६१ आणि २०२३ मध्ये २८९. चढता आलेख पाहून बरं वाटतं. पण इतक्या वर्षांच्या संरक्षणानंतरही सगळ्या जगातले हंगुल मिळून आपल्या तीन कंपन्यांएवढेही भरत नाहीत. त्यातले जवळजवळ सगळे दाचीगाम आणि त्याच्या आसपास आहेत. माद्यांच्या मानाने नर फार थोडे आहेत. माद्यांचा कळप सांभाळू शकतील असे पुरे वाढलेले नर तर हजेरीपटाच्या एका पानावर मावतील. बंदुका थांबून इतकी वर्षं झाली, तरी जनावर म्हणावं तसं सावरलेलं नाही.

कारणं एकाहून अधिक आहेत. उन्हाळ्यातली वरची कुरणं मेंढ्यांनी भरलेली असतात. पाडसांवर बिबट्याची आणि अस्वलाची नजर असते. जुन्या वाटा वस्त्यांनी आणि रस्त्यांनी तुटल्या. या सगळ्यावर जाणकार लिहीत असतात. मला ज्या कारणाबद्दल बोलायचं आहे ते लहान वाटतं, पण आपल्या हातातलं आहे.

लाल हरणाची मादी माजावर येते ती जेमतेम एका दिवसापुरती. तेवढ्यात नर भेटला नाही, तर पुढची पाळी साधारण १८ दिवसांनी. हे गणित मनात ठेवा. एखाद्या नाळेत नराने आठ-दहा माद्या जमवल्या आहेत. तिथे कुत्री घुसली, लाउडस्पीकर लागला किंवा सहलीला आलेली पंधरा माणसं फोटोसाठी झाडीत शिरली. कळप फुटतो. नर पुन्हा जमवाजमव करतो, पण त्यात दोन दिवस जातात. त्या दोन दिवसांत ज्या माद्यांचा दिवस होता, त्यांची पाडसं पुढच्या वर्षी १८ दिवस उशिरा जन्मतात, किंवा जन्मतच नाहीत. रम बेटावरही उशिरा जन्मलेली पाडसं हिवाळ्यात जास्त मरताना दिसली. मादीला वर्षाला एकच पाडस होतं. यात गोळी सुटत नाही, रक्त दिसत नाही, गुन्हा नोंदला जात नाही. पण पुढच्या मोजणीत आकडा कमी भरतो.

आणि ऑक्टोबर हा खोऱ्यात नेमका गर्दीचा महिना. चिनार लाल होतो, दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या लागतात, पर्यटक येतात. त्यांत आपली मराठी मंडळीही भरपूर असतात. बकरवालांचे कळप वरच्या कुरणांतून खाली उतरायला लागलेले असतात, सोबत त्यांची राखणदार कुत्री. लष्करातही हिवाळ्याआधीची धावपळ असते. रस्ते बंद होण्याआधी साठा वर पोहोचवायचा असतो, ट्रेनिंगचे राहिलेले कार्यक्रम उरकायचे असतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी साहेबाच्या रजेचं कॅलेंडर हंगुलच्या माजाला येऊन भिडायचं, आज आपलं भिडतं. दोन्ही वेळी हंगुलला कोणी विचारलेलं नाही.

माझं एक पोस्टिंग अशा जागी होतं, जिथून ही हाक ऐकू येत असे. जागा सांगत नाही, सांगायची नसते. वन्यजीव खात्याचा एक वनरक्षक आमच्याकडे चहाला यायचा. वयाने मोठा, कमी बोलणारा. पहिल्याच ऑक्टोबरमध्ये त्याने मला सांगितलं, "साहब, एक महिना बस कुत्ते संभाल लीजिए. बाकी अल्लाह मालिक है." त्याने फायरिंग थांबवा म्हटलं नाही, की पेट्रोल बंद करा म्हटलं नाही. त्याला आमची कामं माहीत होती. त्याने मागितलं ते आम्हाला देता येण्याजोगं होतं.

कुत्र्यांची ही गोष्ट ज्यांनी उंचावर नोकरी केली आहे त्यांना लगेच कळेल. जिथे लंगर, तिथे उरलेलं अन्न. जिथे उरलेलं अन्न, तिथे कुत्री. पहिल्या वर्षी दोन असतात, जवान त्यांना नावं ठेवतात, जीव लावतात, आणि थंडीतल्या रात्री ती संत्रीच्या उपयोगीही पडतात. चार वर्षांनी वीस होतात. युनिट बदलतं, कुत्री तिथेच राहतात आणि जंगलाकडे वळतात. लडाखमध्ये हा प्रश्न इतका वाढला आहे, की काळ्या मानेच्या क्रौंचांची अंडी-पिल्लंही त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. माजाने दमलेला, कित्येक दिवस नीट न खाल्लेला नर हंगुल आणि दहा कुत्री यांची गाठ पडली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

आमच्या सुभेदार मेजर साहेबांनी यावर भाषण दिलं नाही. ते कुमाऊंचे, जंगलाच्या कडेला वाढलेले. त्यांनी लंगरच्या खड्ड्याला झाकण बसवून घेतलं आणि रोज संध्याकाळी माती टाकायची ड्यूटी लावली. कुत्री बांधून ठेवायला जागा केली आणि जवळच्या पशुवैद्यकाला गाठून नसबंदी सुरू केली. त्या महिन्यातला बारखाना झाला, पण स्पीकर हॉलच्या आत राहिला. एका छोट्या रेंजवरची प्रॅक्टिस नोव्हेंबरवर ढकलली. एवढंच केलं. ऑपरेशनचं एकही काम यामुळे थांबलं नाही. जवानांना कारण सांगितल्यावर त्यांनी ते मनावर घेतलं. सांगलीचा एक नाईक रात्रीच्या ड्यूटीवर किती वेळा हाक ऐकली ते वहीत लिहून ठेवायला लागला. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा तो. माजाचा दिवस चुकला की काय होतं, हे त्याला सांगावं लागलं नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे. हंगुलच्या प्रदेशात १५ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर हे दिवस 'शांत' म्हणून आपल्या स्टेशनच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. त्यात ऑपरेशन येत नाही. ट्रेनिंग, समारंभ, सहली, गाणी आणि कुत्री येतात. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीची स्टँडिंग ऑर्डर असते, ही एक ओळ त्यात जास्त झाली तर बिघडत नाही. नवं युनिट येताना हँडिंग-टेकिंगच्या कागदात ती जावी, म्हणजे ती एखाद्या हौशी सीओच्या बदलीबरोबर निघून जाणार नाही. पर्यटनवाल्यांनीही याच तारखा पाळाव्यात, पण आधी आपण पाळाव्यात. दुसऱ्याला शिस्त सांगण्याचा हक्क त्यानेच मिळतो.

आणि हे फक्त काश्मीरपुरतं नाही. आपली पोस्टिंग देशभर होतात आणि प्रत्येक ठिकाणचं हरीण वेगळं घड्याळ पाळतं. कान्हाचा बारशिंगा ऐन हिवाळ्यात माजावर येतो. १९७० मध्ये तो तिथे फक्त ६६ उरला होता आणि चिकाटीने केलेल्या कामामुळे वाचला. सांबराचा जोर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतो. मणिपूरच्या लोकताक तळ्यावरचा सांगाई हिवाळा सरल्यावर माजावर येतो. १९७५ मध्ये तो १४ वर आला होता. चितळाचं सगळं वेगळंच आहे. दक्षिणेकडे दिवस-रात्रीत फारसा फरक पडत नाही, त्यामुळे एकाच कळपात एका नराची शिंगं मखमली तर दुसऱ्याची कडक असतात, आणि माज वर्षभर थोडाथोडा चालतो. त्याचा भर मात्र उन्हाळ्याच्या आसपास दिसतो. तेव्हा दिल्लीहून सगळ्यांसाठी एक तारीख काढून उपयोग नाही. आपल्या फील्ड फायरिंग रेंज, कँटोन्मेंट आणि डेपो यांच्या हद्दीत जंगल बरंच आहे. बाहेरच्यांना मज्जाव असल्यामुळे ते टिकलंही आहे. तिथल्या स्टेशन कमांडरने विभागीय वनाधिकाऱ्याला एक फोन करून "इथे कोणतं हरीण आहे आणि त्याचे दिवस कोणते?" एवढं विचारलं तरी पुरे.

यावर तीन आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत.

पहिला, सुरक्षेच्या कामात हरणाचा विचार कोण करत बसणार? कोणी करू नये. अतिरेकी माजाचा महिना पाहून येत नाही. पण युनिटच्या ३६५ दिवसांतली किती कामं खरोखर त्याच दिवशी आणि त्याच जागी करावी लागतात, हे कमांड केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

दुसरा आक्षेप जुन्या शिकारी ज्येष्ठांचा, आणि मी तो आदराने ऐकतो. सर, तुमचं म्हणणं असं की नियंत्रित शिकारीने जनावर वाचतं. पाकिस्तानात मारखोरच्या मोजक्या परवान्यांचे लाखाहून जास्त डॉलरही येतात, त्यातला मोठा वाटा गावाला जातो आणि म्हणून गावच मारखोर राखतं. हे खरं आहे. तिथे ते चाललं, कारण पैसा गावात पोहोचला आणि म्हातारे नर निवडून मारले गेले. पण हंगुलकडे मारण्याजोगा शिल्लक नर नाही. जिथे मोठे नर कमी पडतात तिथे कोवळे नर माद्यांमागे लागतात, माज लांबतो आणि पाडसं उशिरा येतात. स्कॉटलंडचं औषध काश्मीरला लागू पडत नाही, कारण दुखणं उलटं आहे.

तिसरा आक्षेप गावाकडून येतो. विदर्भातले माझे मित्र विचारतात, "तुम्ही हरणांचे लाड सांगता, इथे रोही आणि डुक्कर उभं पीक खातात, त्याचं काय?" त्यांचा राग खोटा नाही. पिकाच्या नुकसानीसाठी परवानगीने जनावर मारण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि सोसणाऱ्या शेतकऱ्याला ती वेळेवर मिळाली पाहिजे. तो संख्येचा प्रश्न आहे आणि संख्येनेच सोडवावा. पण जिथे जनावर जास्त झालं तिथल्या उपायाने, जिथे ते संपत आलं तिथला निष्काळजीपणा झाकता येणार नाही.

मेसच्या भिंतींवरची ती मुंडकी उतरवा, असं मी म्हणत नाही. तो आपला इतिहास आहे आणि इतिहास खोडून कोणी शहाणं होत नाही. फक्त पुढच्या वेळी एखादा तरुण लेफ्टनंट टोकं मोजताना दिसला, तर त्याला पट्टीवरचा महिनाही वाचायला सांगा, आणि त्या महिन्यात तो नर काय करत होता ते समजावून सांगा. मारण्याची ताकद असताना थांबता येणं, हे त्याला अकादमीत वेगळ्या शब्दांत शिकवलेलंच असतं. हंगुलला आपल्याकडून वर्षाचे सहा आठवडे हवे आहेत. आपल्याला ते देता येतात.